नित्याची हालचाल आणि म्हातारपणची स्मृती

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ अशी एक म्हण आहे. ती इतक्या सहजपणे वापरली जाते की, ती खरी की खोटी याचा विचार करावा असे कोणाच्या मनात येत नाही. घरातील वडीलधाऱ्या माणसाने एकच प्रश्न चार वेळा विचारला, शेगडीवरचे दूध उतू गेले, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारली की, घरचे लोक हसतात आणि म्हण उच्चारून मोकळे होतात. मीही ती अनेकदा उच्चारली आहे. आता उच्चारीत नाही. त्याचे कारण पुढे ओघाने येईल.

प्राथमिक शिक्षकांसाठी निघणाऱ्या या पुस्तिकेत म्हातारपणाचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही शिक्षक बंधुभगिनींना पडेल. त्यांनी थोडा धीर धरावा. हा विषय आपल्या कामाच्या वाटतो त्याहून फार जवळचा आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वय वाढले की, ओळखीच्या माणसाचे नाव जिभेवर यावयास वेळ लागतो, चष्मा कोठे ठेवला ते आठवत नाही. हे स्वाभाविक होय. परंतु आयुष्यभर ज्या वाटेने शेतावर गेलो ती वाट चुकणे, सुट्या पैशांचा हिशेब न जमणे, सकाळी जेवलो की नाही याचा विसर पडणे, घरच्या माणसांची ओळख पुसट होणे, हे वयाचे लक्षण नव्हे. तो विकार होय. वैद्यक त्यास स्मृतिभ्रंश म्हणते. त्याच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारास अल्झायमर या जर्मन वैद्याचे नाव आहे. या वैद्याने १९०६ साली ज्या स्त्रीची हकीकत विद्वानांपुढे मांडली, ती रोगाने घेरली गेली तेव्हा पन्नाशीच्या आसपास होती. साठीची तिने वाटही पाहिली नव्हती. उलट ऐंशी-नव्वदीतही बुद्धी तल्लख असलेली माणसे प्रत्येक गावात असतात. म्हण दोन्ही बाजूंनी खोटी ठरते.

आपल्या देशात या विकाराचे प्रमाण किती, याची राष्ट्रव्यापी पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. साठ वर्षांवरील शंभर माणसांत सुमारे सात ते आठ, नेमके सांगावयाचे तर ७.४ टक्के, म्हणजे देशात सुमारे ८८ लाख माणसे या विकाराने ग्रस्त आहेत असा तो अंदाज आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक आढळले. शहराची धावपळ डोके फिरवते आणि खेड्याची शांत हवा ते ठिकाणावर ठेवते, ही आपली समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

खेड्यात प्रमाण अधिक का, याचे एक उत्तर थेट आपल्या शाळेच्या दारात येते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची अशी चौदा कारणे दिली की, जी माणसाच्या व समाजाच्या आटोक्यात येऊ शकतात. त्या सर्वांचा बंदोबस्त झाला तर जवळजवळ ४५ टक्के रोगी टाळता येतील किंवा निदान त्यांचा रोग लांबणीवर टाकता येईल, असे त्यांचे गणित आहे. या चौदांत बालपणी शिक्षण न मिळणे हे एक आहे. लहानपणी वाचन, गणित, पाठांतर यांनी घडलेल्या मेंदूत जणू काही धान्याची कणगी भरून ठेवलेली असते. पुढे उंदीर लागले तरी ती लवकर रिकामी होत नाही. पहिलीच्या वर्गात आपण ज्या मुलीला बाराखडी शिकवितो, तिच्या सत्तराव्या वर्षाची तरतूद आपण करीत असतो. ही गोष्ट आपल्या कोणत्याही तपासणी-प्रपत्रात नसली तरी खरी आहे.

याच यादीत शारीरिक हालचालीचा अभाव आहे. मधुमेह, रक्तदाब, स्थूलता, रक्तातील अपायकारक चरबी, धूम्रपान, अतिमद्यपान, मनाची खिन्नता, एकलकोंडेपणा, बहिरेपणा, अधू दृष्टी, दूषित हवा आणि डोक्यास झालेली इजा हीही आहेत. (शेवटच्या कारणासाठी, दुचाकीवर शाळेत येणाऱ्या शिक्षकांनी शिरस्त्राण हँडलला न अडकवता डोक्यावर ठेवावे, एवढेच जाता जाता सांगतो.) प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, हालचालीच्या अभावाचा स्वतंत्र वाटा या मंडळाने फार मोठा धरलेला नाही, तो सुमारे २ टक्केच आहे. मग त्यावर हा लेख कशासाठी? यासाठी की, यादीतील अर्धीअधिक कारणे एकाच माळेत ओवलेली आहेत आणि चालणे हा त्या माळेचा दोरा आहे. जो रोज चालतो त्याची साखर, रक्तदाब व वजन आटोक्यात राहण्यास मदत होते, मन हलके राहते आणि वाटेत चार माणसे भेटतात. शिवाय याला खर्च काहीच नाही.

पाय चालले म्हणजे मेंदूला काय मिळते ते आता पाहू. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने साधारण सव्वा ते दीड किलो असतो, म्हणजे शरीराच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाइतका. परंतु स्वस्थ बसलेल्या अवस्थेतही शरीराच्या एकूण इंधनापैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. त्याच्याजवळ साठवण नाही. शेताच्या वरच्या वाफ्यात पाणी असेल तर दारे धरणारा चार घटका डुलकी काढू शकतो. मेंदूचे तसे नाही, त्याच्या पाटाला क्षणोक्षणी पाणी चालूच राहिले पाहिजे. हा पुरवठा केसांहून बारीक अशा असंख्य रक्तवाहिन्यांतून होतो. आपल्या भागातील शेतकऱ्यांना हे वेगळे समजावून द्यावयास नको. नीरा डाव्या कालव्याच्या मुख्य पात्रात पाणी सळसळत असले तरी शेवटच्या चारीत गाळ साचला तर टोकाचे रान कोरडेच राहते. मधुमेह व रक्तदाब ही दुखणी वर्षानुवर्षे या टोकाच्या चाऱ्यांची नासधूस करीत असतात आणि माणसास त्याचा पत्ताही नसतो.

माणूस चालू लागला की, हृदय अधिक रक्त ढकलते, पोटऱ्यांचे स्नायू आवळून-सैल होऊन पायांतले रक्त वर चढवितात, स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तर लवचीक राहते. व्यायामाने मेंदूतील पेशींना पोसणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाण वाढते, असेही आढळले आहे. मेंदूच्या आतल्या बाजूस दोन्हीकडे समुद्रघोड्यासारख्या आकाराचा एक छोटा भाग असतो. नव्या आठवणी साठविण्याचे व वाट ओळखण्याचे काम मुख्यतः त्याचे. उतारवयात तो दरवर्षी थोडा थोडा आक्रसतो, आणि अल्झायमरचा रोग प्रथम ज्या भागांना ग्रासतो त्यांत तो असतो. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १२० वृद्धांचे दोन गट केले होते. एका गटास आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवीत चाळीस मिनिटे चालावयास लावले. दुसऱ्याने नुसते अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षाअखेर चालणाऱ्यांचा हा भाग सुमारे २ टक्के वाढलेला दिसला आणि दुसऱ्या गटाचा किंचित घटलेला. दोन टक्के म्हणजे फार नव्हे. परंतु जे घटत जावयाचे ते वाढले, हे आश्चर्यच होय.

चालावे तरी किती? दहा हजार पावले हा आकडा हल्ली सर्वतोमुखी झाला आहे. त्याचा उगम शास्त्रात नाही. टोकियोच्या १९६४ सालच्या ऑलिंपिक सामन्यांनंतर, १९६५ साली, जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले आणि त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असे होते. नाव लोकांच्या तोंडी बसले आणि तोच नियम झाला. पुढे २०२२ साली ब्रिटनमधील सुमारे ७८ हजार माणसांच्या मनगटावर यंत्रे बांधून केलेल्या अभ्यासात असे दिसले की, रोज सुमारे ९,८०० पावले चालणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. परंतु मला त्यातील दुसरा आकडा अधिक मोलाचा वाटतो. सुमारे ३,८०० पावले चालणाऱ्यांतही ते प्रमाण पावपट कमी होते. माणसाची सामान्य चाल धरली तर हजार मीटरला साधारण चौदाशे पावले पडतात. म्हणजे ३,८०० पावले हे तीन किलोमीटरांहूनही कमी अंतर झाले. हवाईमधील जपानी वंशाच्या वृद्ध पुरुषांचा एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाकाठी चारशे मीटरही न चालणाऱ्यांना, तीन किलोमीटरांहून अधिक चालणाऱ्यांच्या मानाने जवळजवळ पावणेदोन पट धोका आढळला.

आता जळोचीचे उदाहरण घेतो, कारण ते रोज डोळ्यांपुढे आहे. हे गाव बारामतीला लागून असून आता नगरपरिषदेच्या हद्दीत आले आहे. माझ्या लहानपणी येथील माणूस बारामतीच्या बाजारास पायी जाई व पायीच परत येई. त्यास कोणी व्यायाम म्हणत नसे. शेत पायी, दळण पायी, पाणी पायी, शाळा पायी. आज दारासमोर फटफटी उभी आहे आणि दोनशे पावलांवरील किराणा दुकानातही ती चालू करूनच जावे लागते असा समज दृढ झाला आहे. नळ घरात आला, हे उत्तमच झाले. डोक्यावरून हंडे वाहणाऱ्या बाईस ‘तेवढीच तुमची हालचाल होत होती’ असे सांगणाऱ्याच्या डोक्यावर प्रथम हंडा द्यावा. प्रश्न कष्ट परत आणण्याचा नाही. कष्टांबरोबर जी सहज हालचाल निघून गेली, तिच्या जागी आपण काहीच ठेवले नाही, हा आहे.

शाळेचेच पाहा. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि राज्याच्या नियमांनी पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे ठरविले. एक किलोमीटर म्हणजे मोठ्या माणसाची चौदाशे पावले. लहान मुलाची थोडी अधिक. शासनाने चालण्याजोगी शाळा दिली आणि आपण मूल दुचाकीच्या टाकीवर बसवून तिच्या दारात सोडतो. जेथे ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रहदारी आहे, तेथे पालकांची भीती रास्त आहे. परंतु गल्लीतील पाच-सात मुले एकत्र करून एखाद्या आजोबांनी त्यांना पायी आणावे आणि न्यावे, ही व्यवस्था काही अवघड नाही. यात मुलांचे चालणे होते, आजोबांचेही होते, आणि आजोबांना घराबाहेर पडावयास निमित्त मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे आहे : पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे अंग हलविणारे खेळ, प्रौढांना व वृद्धांना आठवड्यास निदान दीडशे मिनिटे, जमल्यास तीनशेपर्यंत, मध्यम गतीची हालचाल. मध्यम गती म्हणजे चालता चालता बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

मुलांच्या बाबतीत मला विशेष सांगावयाचे नाही, कारण मुलास हालचाल शिकवावी लागत नाही. आपण ती बंद न केली तरी पुरे. लंगडी, लगोरी, आट्यापाट्या यांना सामानही फारसे लागत नाही. खो-खोला दोन खांब सोडल्यास काहीच लागत नाही, आणि त्याचे नियम तर आपल्या पुण्यातच प्रथम बांधले गेले. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी आपल्या संस्थानातील शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले. राजा स्वतः रोज नमस्कार घालीत असे, म्हणून प्रजेच्या मुलांनी घातले. शिक्षक खुर्चीत आणि मुले मैदानात, ही कवायत फार दिवस टिकत नाही. पाढे जागेवर बसून म्हणण्याऐवजी मैदानाच्या कडेने चालत म्हणावेत. परिसर अभ्यासात शाळा ते ग्रामपंचायत हे अंतर मुलांकडून पावलांनी मोजून घ्यावे. बेरीज-वजाबाकीची संख्यारेषा फळ्यावर न काढता अंगणात चुन्याने काढून मुलांना तिच्यावर उड्या मारू द्याव्यात. ज्या शाळांत मी हे पाहिले, तेथे गोंगाट थोडा वाढला होता. मी शेऱ्यात तो दोष म्हणून लिहिला नाही.

आता शिक्षकांविषयी. आमच्या पिढीचा शिक्षक वर्गात उभा राहून शिकवी. हल्ली माहिती भरावयाची असते. एक प्रपत्र संपते न संपते तो दुसऱ्याचा संदेश येतो, आणि शिक्षक मान खाली घालून हातातील यंत्रावर बोटे फिरवीत बसतो. ही माहिती मागणाऱ्यांत मीही आहे, तेव्हा तक्रार कोणत्या तोंडाने करू? विस्तार अधिकारी म्हणून नेमणूक झाली तेव्हा मी शाळा-भेटीस सायकलवर जात असे. पुढे मोटारसायकल आली, मग चारचाकी. दोन वर्षांपूर्वी आरोग्य तपासणीत साखर वाढलेली निघाली आणि वैद्याने विचारले, दिवसातून किती चालता? मी हिशेब केला. घरापासून वाहनापर्यंत आणि वाहनापासून खुर्चीपर्यंत. दुसरे काही सापडेना.

ज्यांना बसूनच काम करणे भाग आहे त्यांच्यासाठी एक लहानसा प्रयोग सांगतो. लिव्हरपूलमधील संशोधकांनी २०१८ साली पंधरा कारकुनी पेशाच्या माणसांना सलग चार तास बसविले आणि त्यांच्या मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह मोजला; तो मंदावला. तीच माणसे दर अर्ध्या तासाने उठून दोन मिनिटे चालली, तेव्हा तो मंदावला नाही. पंधरा माणसे म्हणजे थोडीच, यावरून मोठा सिद्धान्त काढू नये. परंतु दर तासिकेस घंटा होणाऱ्या आपल्या पेशास हा उपाय जणू बेतून दिल्यासारखा आहे. आणि रात्रीच्या जेवणानंतर आपल्या पूर्वजांनी शतपावली सांगून ठेवलीच आहे. जेवणानंतर थोडे चालले असता रक्तातील साखर कमी चढते, हे आता मोजून सिद्ध झाले आहे. फक्त शंभरच पावले चालावीत असा काही दंडक नाही.

कोणी म्हणेल, शेतावर राबणाऱ्यांना हे सांगावयाचे काय कारण? नाहीच. ऊसतोडीच्या हंगामात भवानीनगर-माळेगावच्या कारखान्यांसाठी पहाटेपासून मोळ्या वाहणाऱ्या बाईस चालण्याचे महत्त्व सांगणे हा उद्धटपणा ठरेल. तिला हवी आहे ती विश्रांती, पोटभर अन्न, रक्तदाबाची तपासणी आणि तिच्या मुलाला शाळा. वर ज्या अभ्यासांचा उल्लेख केला, त्यांतील बहुतेकांत मोकळ्या वेळचे, मनाजोगते चालणे धरलेले आहे. सक्तीच्या, थकविणाऱ्या श्रमांचे फळ तसेच मिळते असे दिसून आलेले नाही. बैल आणि पैलवान दोघेही घाम गाळतात. दोघांच्या घामाचा परिणाम एक नव्हे.

हालचालीबरोबर आणखी काही असले तर अधिक बरे, असे म्हणावयास आधार आहे. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वर्षांच्या सुमारे १,२६० माणसांवर दोन वर्षे प्रयोग झाला. त्यात आहार, व्यायाम, बुद्धीला चालना देणारे पाठ आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख हे सर्व एकत्र दिले, तेव्हा त्यांची बुद्धी दुसऱ्या गटाहून अधिक चांगली राहिली. याचे निष्कर्ष २०१५ साली आले. ते वाचताना मला आपली वारी आठवली. तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामतीस मुक्काम करते, काटेवाडीस मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीस गोल रिंगण होते, आणि मग निमगाव केतकीवरून इंदापूर गाठते. सत्तरीच्या म्हाताऱ्या डोक्यावर तुळस घेऊन रोज पंधरा-वीस किलोमीटर चालतात. चालताना शेकडो अभंग मुखोद्गत म्हणतात. मुक्कामावर फुगडी घालतात. दिंडीत एकटे कोणीच नसते. पाय, पाठांतर आणि सोबत ही तिन्ही एकत्र आली. मात्र वारी वर्षातून थोडे दिवस. उरलेल्या अकरा महिन्यांची पालखी ज्याची त्याने काढावयाची आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे पोरसवदा असताना सहावीच्या परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास शंभराहून अधिक मैल पायी गेले, आणि वय लहान दिसते म्हणून तेथे त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे ते १०४ वर्षे जगले. चालण्यावरील व्याख्यानांत हे उदाहरण मी पूर्वी हमखास देत असे. परंतु एका महर्षींच्या आयुष्यावरून नियम काढणे हे शास्त्र नव्हे, हे मला माझ्याच गुरुजींनी शिकविले. शब्दांनी नव्हे, त्यांच्या आजाराने.

चौथीत मला शिकविणारे हे गुरुजी जळोचीतच राहतात. वर्गातील पन्नास मुलांची नावे ते हजेरीपट न पाहता वाचीत. निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षे त्यांचा पारावर, बाजारात, शाळेत वावर असे. पुढे ते हळूहळू ओटीवरील खुर्चीत बसू लागले. कोठे जात नसत. त्यानंतर चार-पाच वर्षांनी विसरभोळेपणा दिसू लागला. आम्ही माजी विद्यार्थी हळहळलो आणि निदान करून मोकळे झालो : गुरुजींना त्या खुर्चीने बसविले. मी काकूंनाही तसे बोलून दाखविले की, त्यांना वेळीच हिंडते ठेवावयास हवे होते. त्या काही बोलल्या नाहीत.

नंतर एक अभ्यास माझ्या वाचनात आला. लंडनच्या दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांचा सुमारे अठ्ठावीस वर्षे मागोवा घेऊन तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की, ज्यांना पुढे स्मृतिभ्रंश झाला त्यांची हालचाल रोगाचे निदान होण्याच्या जवळजवळ नऊ वर्षे आधीपासूनच घटू लागली होती. म्हणजे रोग आत शिरलेला होता, म्हणून माणूस बसला. बसला म्हणून रोग झाला असेच नव्हे. हालचालीचा जो लाभ वरील आकड्यांत दिसतो, त्यातील काही भाग या उलट्या कारणाने दिसत असणार, हे मान्य केले पाहिजे. बैठ्या वृद्धांना दोन वर्षे व्यायाम करावयास लावूनही बुद्धीत फरक पडला नाही, असा अमेरिकेतील मोठ्या प्रयोगाचा निष्कर्षही २०१५ साली आलेला आहे. तेव्हा चालणे हा रामबाण नव्हे. तरुणपणापासून मध्यम वयापर्यंत अंगी मुरलेली सवय, रक्तदाब व साखर यांवर ताबा, आणि माणसांत वावर यांचा मिळून लाभ होतो, एवढेच शास्त्र आज ठामपणे सांगते. माझ्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे. परंतु रोग झालेल्या माणसाच्या घरी जाऊन ‘तुम्ही चालला असता तर’ असे बोलण्याचा अधिकार त्यातून कोणासही मिळत नाही. मी काकूंकडे पुन्हा जाऊन माझे शब्द परत घेतले. त्या म्हणाल्या, “अरे, ते आपणहून बसत नव्हते. कोपऱ्यावर गेले की घर सापडायचे नाही, म्हणून भीत होते. मला सांगायची लाज वाटायची त्यांना.”

या एका वाक्यासाठी मी ही म्हण सोडली. गावात नेहमी हिंडणारे माणूस एकाएकी घरात बसू लागले, तर त्यास आळस किंवा वय समजू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. कधी ऐकू कमी येऊ लागलेले असते, कधी दिसण्याची तक्रार असते, कधी मन खचलेले असते, कधी थायरॉइडची किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव असते. यांवर उपाय आहेत. आणि ज्यांनी वर्षानुवर्षे हालचाल केलेली नाही त्यांनी एकदम दूरची मजल मारू नये. दहा मिनिटांपासून प्रारंभ करावा, आठवड्यास थोडी वाढवावी. छातीत दुखणे, धाप, घेरी आली तर थांबून वैद्यास विचारावे. गुडघे दुखणाऱ्यांनी सपाट वाट धरावी. चैत्र-वैशाखात आपल्या भागात ऊन फार कडक असते, तेव्हा सूर्योदयाच्या सुमारास निघून लवकर परतावे.

गुरुजींकडे मी आता दर रविवारी सकाळी जातो. त्यांचा रोग चालण्याने बरा होणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु चालून आलो की ते पोटभर जेवतात आणि रात्री त्यांना झोप लागते, असे काकू सांगतात. माझे नाव त्यांना आठवत नाही. शाळेच्या फाटकापर्यंत आम्ही हात धरून जातो. मागील रविवारी फाटकाशी पोहोचण्यापूर्वी त्यांनी आपण होऊन दिडकी म्हणावयास आरंभ केला : दीड, तीन, साडेचार, सहा, साडेसात, नऊ. तेथे अडले आणि उभे राहिले. मी उत्तर सांगणार होतो, पण थांबलो. एक पाऊल पुढे टाकून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि वर्गात विचारीत त्याच आवाजात विचारले, “सांग, सात दिडकी किती?”

“साडेदहा, गुरुजी.”

“बस खाली,” ते म्हणाले, आणि पुढे चालू लागले.